सासऱ्यांच्या तीन बंदुका ऑनलाइन लिलावात: सुरुवातीची बोली किती, आणि रिझर्व्ह लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ओहायोमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, पत्नी अमेरिकन नागरिक. पेन्सिल्व्हेनियातले सासरे वारले आणि त्यांच्या तीन बंदुका पत्नीकडे आल्या. सहा इंची नळीची जुनी कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हर, विंचेस्टर 94 रायफल आणि रेमिंग्टन 870 शॉटगन. गनब्रोकर या बंदुकांच्या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विकायच्या आहेत. कुणी म्हणतं एका सेंटपासून बोली सुरू करा, कुणी म्हणतं रिझर्व्ह, म्हणजे लपवलेली किमान किंमत, लावल्याशिवाय लिलावाला हातच घालू नका. नेमकं काय करायचं?

दोन्ही सल्ले कुणासाठी तरी बरोबर आहेत, तुमच्यासाठी बहुधा नाहीत. कारण खरा प्रश्न आकड्याचा नाही. येत्या दहा दिवसांत नेमकी हीच बंदूक, याच अवस्थेत, मनापासून हवी असलेली किती माणसं तुमच्या पानावर येतील, हा तो प्रश्न आहे. ऑनलाइन लिलावात बोली लावणारा आपली कमाल रक्कम भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. म्हणजे सगळ्यात उत्सुक गिऱ्हाइकाची तयारी 3,000 डॉलरची असली तरी दुसऱ्या नंबरचा 2,100 वर थांबला, तर बंदूक 2,100 च्या एक पायरी वर जाते. भाव ठरवतो तो दुसरा माणूस. तो आला नाही, तर तुमची सुरुवातीची बोली किंवा रिझर्व्ह हाच शेवटचा भाव. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी कायद्याचं, कारण त्यावरही गिऱ्हाइकांची संख्या ठरते. मृत्युपत्राने किंवा वारशाने आलेली बंदूक दुसऱ्या राज्यातून आणायला केंद्रीय कायद्यात सूट आहे, तेव्हा पेन्सिल्व्हेनियाहून ओहायोत आणणं अडत नाही. वारसा पत्नीचा आहे, तर विक्रीचं खातं तिच्याच नावाने उघडा. (हे वाचणारे कुणी एच-वन-बी व्हिसावर असतील, तर थांबा. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणंच केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डला ही अडचण नाही.) वारशाने आलेल्या तीन बंदुका एकदाच विकणं म्हणजे धंदा नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही. पण विकलेली बंदूक दुसऱ्या राज्यातल्या माणसाला परस्पर देता येत नाही. ती त्याच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे, म्हणजे एफएफएलकडे जाते, तिथे तो 4473 क्रमांकाचा फॉर्म भरतो, पार्श्वभूमी तपासणी होते आणि मगच बंदूक त्याच्या हातात पडते.

पाठवणीचं काम तुमच्या गावातल्या डीलरकडून करून घ्या. 2022 पासून यूपीएस आणि फेडेक्स करार केलेल्या परवानाधारकांकडूनच बंदुका घेतात. शिवाय बरेच डीलर खासगी माणसाने पाठवलेलं पार्सल स्वीकारत नाहीत. म्हणजे तुम्ही स्वतः पाठवणार असं लिहिलंत, तर ज्यांचा डीलर ते घेत नाही अशी गिऱ्हाइकं पहिल्याच दिवशी गळतात. ‘परवानाधारक डीलरकडून पाठवले जाईल’ एवढी एक ओळ घातली की ती टिकतात. पाठवणीचा आकडाही जाहिरातीतच ठरवून लिहा. ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ असं वाचलं की जाणकार माणूस सगळ्यात वाईट आकडा धरतो आणि तेवढी बोली कमी करतो.

आता भावाकडे. छापील पुस्तकातले भाव आणि डीलरच्या काचेतल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा. चालू जाहिरातींचे आकडेही सोडून द्या, ते मागितलेले भाव आहेत, मिळालेले नाहीत. गनब्रोकरवर लॉगिन करून संपलेले लिलाव शोधा आणि त्यातही फक्त विकले गेलेले. मॉडेल, नळीची लांबी, मुलामा आणि अवस्था जुळतील तेवढेच घ्या. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टिपा: अंतिम भाव, किती वेगवेगळ्या माणसांनी बोली लावली, आणि खोका-कागद सोबत होते का. बोली लावणाऱ्यांची संख्या बहुतेक जण टिपतच नाहीत, आणि तीच सगळ्यात कामाची.

समजा, तुमच्यासारख्या पायथनचे पाच व्यवहार मिळाले: 2,250, 2,400, 2,450, 2,600 आणि 3,100. (हे आकडे हिशेब दाखवायला घेतलेत, तुमचे तुम्ही काढा.) 3,100 वाल्याला मूळ खोका आणि कागद होते. सरासरी काढू नका, एक खोकेवाली बंदूक ती वर ओढते. मधला आकडा घ्या, 2,450. तुमच्याकडे खोका नसेल तर अपेक्षा तिथे.

मग तळाचा आकडा. म्हणजे लिलाव केलाच नाही तर उद्या सकाळी हातात काय पडेल? जवळच्या दोन-तीन डीलरना बंदूक दाखवा आणि रोख भाव विचारा. तो बाजारभावापेक्षा बराच कमी येईल, त्याचा राग धरू नका, दुकान चालवून त्यालाही दोन पैसे सुटायला हवेत. समजा 1,600 मिळाले. लिलावाचं शुल्क, पैसे घेण्याचा खर्च वगैरे मिळून 5 टक्के धरा. शुल्क टप्प्याटप्प्याने बदलतं, म्हणून तुमच्या भावासाठीचा खरा टक्का आदल्या दिवशी बघून घ्या. 1,600 ला 0.95 ने भागा: 1,684. म्हणजे 1,684 च्या खाली पायथन लिलावात विकणं हा तोटा, आणि 1,684 च्या वर काहीही मिळालं तर लिलाव फळला. हा तळ कागदावर लिहून काढा. मनातला आकडा रोज बदलत असतो.

एका सेंटच्या सुरुवातीचं म्हणणं असं की कमी आकड्याने गर्दी होते, गर्दीने चुरस वाढते आणि बंदूक आपोआप बाजारभावाला पोहोचते. बऱ्याचदा पोहोचतेही. पण हा सल्ला वर्षाला शंभर-दोनशे बंदुका विकणाऱ्यांचा आहे. त्यांची एखादी बंदूक 400 ने खाली गेली तर दुसरी 300 ने वर जाते, महिन्याच्या शेवटी हिशेब जुळतो. तुमची पायथन एकच आहे. ती ज्या रविवारी संपेल त्या रविवारी दुसरा तगडा माणूस प्रवासात असला, तर भरपाई करायला तुमच्याकडे दुसरी पायथन नाही. आणि रिझर्व्ह नसलेल्या लिलावात एकदा बोली लागली की ती बंधनकारक. भाव पटला नाही म्हणून मागे फिरता येत नाही, फिरूही नये. भाव वर ढकलायला मित्राकडून किंवा दुसऱ्या खात्यावरून स्वतःच बोली लावून घेणं ही सरळसरळ फसवणूक आहे. खातं तर जातंच, प्रकरण पुढेही जाऊ शकतं.

मग रिझर्व्ह का नको? रिझर्व्ह म्हणजे लपवलेली किमान किंमत. पान उघडलं की ‘रिझर्व्ह पूर्ण झालेला नाही’ असं दिसतं. मुरलेला खरेदीदार दोन बोली लावून बघतो, पाटी हलत नाही, तो पुढच्या पायथनकडे जातो. तो परत येत नाही, आणि तोच तुमचा दुसरा माणूस असू शकतो. त्याच्या बाजूने बघा: समोर सहा पायथन आहेत, पाचांचा भाव उघड आहे, एकीचा मालक आकडा लपवतोय. लपवणाऱ्याची अपेक्षा अवास्तव असणार हे तो अनुभवाने धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरंच निघतं.

म्हणून एकटी-दुकटी चांगली बंदूक विकणाऱ्याला माझं सांगणं ठरलेलं आहे: तळ हीच सुरुवातीची बोली ठेवा, रिझर्व्ह लावू नका. तुमच्या पायथनला 1,695 पासून सुरुवात, रिझर्व्ह नाही. एकच माणूस आला तरी डीलरपेक्षा कमी मिळत नाही. आणि 2,450 च्या मालाला 1,695 हा आकडा बघणाऱ्याला स्वस्त वाटतो, त्यामुळे पहिली बोली लवकर पडते. तळ बाजारभावाच्या साधारण 70 टक्क्यांवर असला की ही पद्धत छान चालते. तळ 90 टक्क्यांवर गेला तर मात्र तो लिलाव उरत नाही. मग सरळ ठरावीक किमतीला लावा आणि वाट पाहा.

आकडा गोल ठेवू नका हे केवळ दुकानदारी नाही. लोकांच्या कमाल रकमा गोल आकड्यांवर अडकलेल्या असतात: 1,500, 1,750, 2,000. त्याच्या जरा खाली राहिलात तर त्या सगळ्यांना आत येता येतं, 2,025 लिहिलंत तर 2,000 वर थांबणारा अख्खा गट बाहेर.

पायथनचा भाव 300-400 डॉलरने हलवतील अशा गोष्टी तुमच्या हातात आहेत. आधी सिलिंडर (गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग) उघडून रिकामं आहे याची दोनदा खात्री करा. मग सिलिंडर बंद करून त्यावर एक बोट अगदी हलकं टेकवा आणि घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा फार तर त्याच क्षणी सिलिंडर ‘टक’ करून जागेवर बसलं पाहिजे. घोडा अडकला तरी सिलिंडर किंचित अलीकडेच राहत असेल, तर टायमिंग घसरलेलं आहे. सहाही घरांवर हे करून बघा, एकच घर चुकणारी पायथन पुष्कळ दिसते. जाणकार माणूस पहिल्याच संदेशात हे विचारतो. उत्तर जाहिरातीत आधीच असेल, शक्य तर छोट्या व्हिडिओसह, तर तो निर्धास्तपणे बोली लावतो. टायमिंग चुकत असेल तर तेही लिहा. लपवलंत तर बंदूक परत येईल, आणि दोन्हीकडची पाठवणी तुमच्या डोक्यावर.

मुलाम्याला हात लावू नका. काळपट डाग दिसतात म्हणून पॉलिश करणं किंवा पुन्हा ब्लूइंग (निळा-काळा मुलामा) करून घेणं म्हणजे संग्राहकाच्या नजरेत बंदूक अर्ध्यावर आणणं. कोल्टचा तो गडद निळा मुलामा कारखान्यातला आहे की नंतरचा, हे अक्षरांच्या कडांवरून कळतं. पुन्हा पॉलिश झालेल्या बंदुकीवरची अक्षरं कडेने गोलसर, बुजल्यासारखी होतात. म्हणून नळीवरच्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो हवाच. बाकी फोटो खिडकीतल्या सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा: दोन्ही बाजू, नळीचं तोंड, सिलिंडरवरची घासल्याची रेघ, स्क्रूच्या खाचा, मुठीची आतली बाजू. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कुणीतरी आत हात घातलाय, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकं वाढवते. 50 वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली बंदूक केंद्रीय नियमांत ‘क्युरिओ अँड रेलिक’ धरली जाते. संग्राहकाचा, म्हणजे 03 प्रकारचा परवाना असलेल्या माणसाला ती त्याच्या राज्याचे नियम आड येत नसतील तर थेट घरी मागवता येते. त्याचा डीलरकडचा खर्च वाचतो, तो तेवढी जास्त बोली लावू शकतो. बंदुकीवर कोरलेल्या क्रमांकावरून तुमची पायथन किंवा विंचेस्टर त्या वयात बसत असेल, तर हे शीर्षकातच घाला.

विंचेस्टरचं मात्र आधी निदान करायला हवं. 1964 साली कारखान्याने उत्पादनाची पद्धत स्वस्त केली, आणि तेव्हापासून बाजारात ‘64 च्या आधीची’ आणि ‘नंतरची’ असे दोन भाव चालतात. क्रमांक 27 लाखांच्या खाली असेल तर आधीची. मग भोकं शोधा. ही रायफल रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकते, त्यामुळे दुर्बीण बसवायची तर लोक रिसीव्हरच्या (नळीमागच्या, यंत्रणा बसवलेल्या धातूच्या भागाच्या) बाजूला भोकं पाडत. कारखान्याने न पाडलेलं प्रत्येक भोक संग्राहकाला घालवतं. दस्त्याचं टोक कापून रबरी पॅड लावलेला असेल तरी तेच. अशी रायफल शिकाऱ्याला विकायची वस्तू झाली, आणि शिकारी संग्राहकाचा भाव देत नाही. भोकं नसलेली, 64 च्या आधीची, डीलर 550 देतोय आणि विकलेल्या भावांचा मध्य 850 च्या आसपास आहे असं धरलं, तर हिशेब तोच: 550 भागिले 0.95, म्हणजे 579. सुरुवात 575 ला ठेवा, रिझर्व्ह नको. फार तर चार डॉलरचा धोका आहे, पण आकडा 600 च्या उंबऱ्याच्या बराच खाली राहतो.

रिझर्व्ह लावायची एकच जागा मला पटते, आणि ती या विंचेस्टरमध्येच दडलेली असू शकते. रायफल फार जुनी निघाली, म्हणजे नळी अष्टकोनी, मागवून घेतलेली नेम धरायची खास साइट, लांबी नेहमीपेक्षा वेगळी, तर तुलनेला विकलेले व्यवहारच सापडणार नाहीत. मधला आकडा काढायचा कशातून? अशा वेळी घाई नको. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयाकडे या मॉडेलच्या सुमारे 3 लाख 54 हजारांपर्यंतच्या क्रमांकांच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत, तिथून पत्र मागवा. रायफल कशी बाहेर पडली होती ते त्यात येतं, आणि त्या एका कागदाने बोली लावणाऱ्याचा हात सैल होतो. मग अंदाजाच्या निम्म्यावर सुरुवात, तळाला रिझर्व्ह, आणि रिझर्व्हचा आकडा वर्णनात उघड लिहायचा. उघड रिझर्व्ह माणसं घालवत नाही, लपवलेला घालवतो. 1898 किंवा त्याआधी बनलेली निघाली तर केंद्रीय कायद्याने ती प्राचीन वस्तू ठरते, एफएफएलचीही गरज राहत नाही (काही राज्यांचे नियम वेगळे आहेत). त्याने बोली लावणारे वाढतात. आणि फारच दुर्मीळ निघाली तर ऑनलाइन लिलावाचा विचार सोडा आणि बंदुकांच्या मोठ्या लिलावगृहाशी बोला.

रेमिंग्टन 870 ऑनलाइन लावूच नका. 1950 पासून या शॉटगन एक कोटीहून जास्त बनल्या, प्रत्येक गावातल्या दुकानात एक तरी असते. लांबचा खरेदीदार एकूण खर्च बघतो: 340 ची बोली, 45 पाठवणी, 30 त्याच्या डीलरचे, झाले 415. इतक्यात त्याला गावातच हाताळून घेता येते. तुमच्या बाजूनेही बघा: 340 मधून 5 टक्के गेले, राहिले 323, वर तुमच्या डीलरची पॅकिंगची मजुरी. तीच शॉटगन गावच्या दुकानात 400 च्या चिठ्ठीने ठेवली आणि 20 टक्के दुकानदाराने घेतले, तर 320 मिळतात, खोका बांधायचा त्रास नाही. चकचकीत ब्लूइंग आणि अक्रोडाचा दस्ता असलेली विंगमास्टर असेल तर चिठ्ठी थोडी वर, मॅट काळी एक्सप्रेस असेल तर खाली.

वेळ. गुरुवारी संध्याकाळी लावा, दहा दिवसांचा ठेवा, म्हणजे दोन शनिवार-रविवार मिळतात आणि शेवट रविवारी येतो. संपण्याची वेळ पूर्वेकडच्या घड्याळाने रात्री नऊ, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सहा वाजलेले असतात, दोन्हीकडची माणसं घरी असतात. शेवटच्या सेकंदाला कुणी झडप घालेल ही भीती इथे नको. गनब्रोकरवर शेवटची पंधरा मिनिटं कुणीही बोली लावत नाही तोवर लिलाव बंद होत नाही. विंचेस्टर हरणांच्या हंगामाआधी, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावा. पायथनला हंगाम नाही, पण कराचा परतावा हातात आलेला असतो ते फेब्रुवारी ते एप्रिल चांगले, ऐन उन्हाळा सुस्त.

करावरून आठवलं: वारशाने आलेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणून मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात, सासऱ्यांनी 1970 मध्ये दिलेले पैसे नव्हे. म्हणून विकलेल्या लिलावांची ती यादी तारखेसकट छापून फाइलला लावा. भाव ठरवायला केलेली मेहनत तिथेही उपयोगी पडते.

परत घेण्याबद्दल: ‘जशी आहे तशी, परत नाही’ असं लिहिलं की बोली खाली येते, कारण न बघता घेणारा त्यात दोष आहे असंच धरतो. तीन दिवसांची तपासणीची मुदत द्या, गोळी झाडली तर परत नाही ही अट घाला. पैसे खात्यात खरोखर जमा होईपर्यंत पाठवू नका. आणि समोरच्या डीलरचा परवाना एटीएफच्या, म्हणजे बंदुकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, ‘ईझी चेक’ पानावर तपासल्याशिवाय तर नाहीच.

पत्नीच्या वडिलांची बंदूक आहे, 3,000 च्या खाली देववत नाही, असं वाटत असेल तर ते अगदी समजण्यासारखं आहे. पण मग 3,000 चा रिझर्व्ह लावू नका, पायथन कुलपात ठेवा. खरेदीदार आठवणींचे पैसे देत नाही, आणि रिझर्व्हवर दोनदा अडकलेली बंदूक नियमित बघणाऱ्यांना ओळखीची होते, तिसऱ्या वेळी ते पान उघडतही नाहीत.

1,695 ला एकही बोली आली नाही, तर लगेच आकडा कमी करू नका. किती जणांनी पान बघितलं, किती जणांनी लक्षयादीत ठेवलं ते बघा. बघणारेच कमी असतील तर दोष शीर्षकात: मॉडेल, नळीची लांबी, मुलामा, बनल्याचं साल एवढं त्यात हवंच. बघणारे पुष्कळ, लक्षयादीत ठेवणारेही बरेच, पण बोली नाही, असं असेल तर फोटोत किंवा वर्णनात काहीतरी खटकतंय, बहुधा टायमिंगबद्दलचं मौन किंवा पाठवणीचा आकडा. ते दुरुस्त करा, तीन-चार आठवडे जाऊ द्या, नवे फोटो काढून पुन्हा त्याच तळाला लावा. तेव्हाही कुणी आलं नाही, तर तुमचा तळच बाजाराच्या वर आहे, आणि 1,600 देणाऱ्या डीलरचा भाव चांगला होता. त्याला पुन्हा फोन करा.